घोंगडं पांघरून सांगितलेलं कारण

कमठाण्याचा धुळाप्पा आयुष्यात पहिल्यांदा रंगमंचावर चढला तो भालदार म्हणून. जत्रेतलं नाटक, कनातींचा दरबार, मधोमध राजा, आणि राजाच्या डाव्या अंगाला भाला धरून उभा असलेला एकोणीस वर्षांचा ताडमाड धनगराचा पोरगा. तीन वर्षं ओळीनं तोच भाला आणि तीच जागा. वाक्य एकही नाही! मंडळी, ज्यांनी कधी तोंडाला रंग लावलाय त्यांना विचारा. दोन-दोन पानांची भाषणं ठोकणं सोपं असतं. बाकीचे बोलत असताना ओठ मिटून उभं राहणं, तिथं नट कळतो. राजा आपलं वाक्य विसरतो, ते नेमकं भालदाराच्या जिभेवर आलेलं असतं, आणि त्याला ते आवंढ्याबरोबर गिळावं लागतं. धुळाप्पानं अशी पुष्कळ वाक्यं गिळली.

आज त्याचं वय सदुसष्ट. आणि ही गोष्ट आहे त्याच्या पहिल्या वाक्याची. ते त्यानं भरल्या मांडवात, माइकवर, चक्क इंग्रजीत म्हटलं!

धुळाप्पाचं घर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं फिरलेलं. आता फिरणं उरलं नाही. दोन एकर कोरडवाहू, तीस-पस्तीस मेंढरं, मुलगा हुमनाबादेत वेल्डिंगच्या दुकानात. पण कळपासाठी नर मेंढा घ्यायचा झाला, की बीदरपासून पार भालकीपर्यंतची माणसं आजही म्हणतात, "आधी धुळाप्पाचा हात लागू दे." त्याची पारख करायची रीत एकच. एकट्या मेंढ्याबद्दल तो बोलतच नाही.

"एकटा मेंढा चांगला बी नसतो न् वाईट बी नसतो," तो म्हणतो. "दुसरा आणून शेजारी लावा, मग तोंड उघडतो."

दोन मेंढे शेजारी लावले की तो दोघांचे दात बघतो, पाठीच्या कण्यावरून अंगठा फिरवतो, खूर उचलून तळवे दाबतो. मग दोघांना पाळीपाळीनं खडीवरून चालवायला सांगतो आणि स्वतः डोळे मिटून घेतो. खुरांचा आवाज ऐकून मेंढ्याची चाल सांगणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. तबलजीनं ठेका ऐकावा तसा तो ऐकतो, आणि डोळे उघडून काठीनं एकाकडं बोट करतो. झाला निकाल.

बीदरच्या बाहेर दर वर्षी मेंढ्यांचं मोठं प्रदर्शन भरतं, तिथंही बारा वर्षं त्याला परीक्षक म्हणून नेत. तो काठी दाखवायचा, आणि कारण मात्र माइकवर दुसराच कुणी सांगायचा. इथंच घोटाळा झाला. चार वर्षांपूर्वी त्यानं एक मेंढा पहिला काढला, तो पायांसाठी. माइकवरच्या माणसाला दिसली शिंगं. तो गरजला, "डौलदार, पिळदार शिंगांमुळं परीक्षक धुळाप्पा यांनी या मेंढ्याला प्रथम क्रमांक दिला आहे!" टाळ्या पडल्या. धुळाप्पा काठी धरून उभा. पुन्हा भालदार!

आणि लोकांनी ते ऐकलं हो. दोन वर्षांत सगळा मुलूख शिंगांमागं लागला. निर्ण्याचे अंकुशराव, मोठी शेती, आडतीचं दुकान, हौस दांडगी, त्यांनी तर शिंगांना तेल लावायला माणूस ठेवला. अशा मेंढ्यांची कोकरं दिसायला राजबिंडी, पण चढ लागला की गुडघ्यात वाकायची आणि कळपाच्या मागं राहायची. लोक कुरकुरले, "धुळाप्पानंच तर शिंगं निवडली." हे वाक्य त्याला बाभळीच्या काट्यासारखं सलत होतं.

यंदा जानेवारीत जनावरांच्या डॉक्टर ज्योत्स्नाबाई स्वतः त्याच्या घरी आल्या. वय पस्तिशीच्या आतबाहेर, पण धुळाप्पाच्या हाताला मान देणाऱ्या.

"अण्णा, यंदा बाहेरचे पाहुणे आहेत," त्या म्हणाल्या. "केरळचे, हरियाणाचे, दोघं तर परदेशातले. प्रत्येक परीक्षकानं कारण इंग्रजीत सांगायचं असं कमिटीत ठरलंय. तुमचं कारण मी सांगते, तुम्ही फक्त मला..."

"न्हाई," धुळाप्पा म्हणाला. "माझं कारण दुसऱ्याच्या तोंडात गेलं की त्याला शिंगं फुटतात."

"मग?"

"मीच सांगतो."

"इंग्रजीत?"

"व्हय."

चुलीपुढं बसलेल्या बाणूबाईच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, हातातली भाकरी तव्यावर तिरकी पडली. "बाई, तुम्ही ह्यांचं काय ऐकायलाव! ह्यांना मराठी येतं, कन्नड येतं, दखनी येतं, मेंढराची भाषा येती. एक बायकोची तेवढी येत न्हाई. आता इंग्रजी कुठून आणत्याल?"

डॉक्टरबाई हसल्या, पण जाताना गंभीर झाल्या. "बावीस दिवस आहेत, अण्णा. तुम्ही तयार झालात तर माइक तुमचा. नाही झालात तर कमिटी म्हणते तसं होईल, तुम्ही बोट दाखवायचं. आणि पुढच्या वर्षी..."

धुळाप्पाला कळलं. पुढच्या वर्षी बोटाचीही गरज उरणार नव्हती.

आता घरात इंग्रजी होतं, नाही असं नाही. ते होतं त्याच्या सुनेकडं. जगदेवी डी.एड. झालेली, गावच्या शाळेत अतिथी शिक्षिका. घरात येऊन तिला नऊ वर्षं झाली होती. सासऱ्यापुढं डोक्यावरचा पदर ढळू न देता ती कामापुरतं बोलायची, आणि धुळाप्पा तर त्याहून कमी. त्या दिवशी ती शाळेतून आली तसा तो ओट्यावरून उठून उभाच राहिला.

"जगदेवी, मला इंग्रजी पायजे."

तिला वाटलं, कुठला तरी कागद वाचायचा असेल. खरी गोष्ट कळल्यावर तिनं पिशवी तशीच खाली ठेवली. "मामा, सुरुवात कुठून करू? ए बी सी डी?"

"अक्षरं नक्को. लिहायचं न्हाई मला, बोलायचंय. दोन मेंढे शेजारी उभे हायती. एक ह्याच्यात जास्त, दुसरा त्याच्यात कमी. तेवढंच बोलायला शिकव."

जगदेवीचे डोळे लकाकले. "अगं बाई! मामा, हे तर मी कालच सातवीला शिकवलं!"

आणि अंगणात शाळा भरली. तिनं एक घागर आणि एक तांब्या शेजारी ठेवला. मोठ्याला नुसतं बिग म्हणायचं नाही, दोघांत जो मोठा तो बिगर, आणि ज्याच्यापेक्षा मोठा त्याच्या आधी दॅन लावायचं. धुळाप्पानं मान डोलावली. ही तर त्याचीच रीत! एकटं काहीच नाही, दुसरं शेजारी लावल्याशिवाय शब्द पुरा होत नाही. इंग्रज लोक मेंढरं पाळत असणार, त्याशिवाय अशी भाषा त्यांना सुचली नसती, असं त्याचं ठाम मत झालं.

"घागर इज बिगर दॅन तांब्या!"

"बरोब्बर!"

"तांब्या इज स्मॉलर दॅन घागर. काठी इज लाँगर दॅन चप्पल. बाणू इज..."

"माझं नाव घ्यायचं न्हाई हं!" आतून आवाज आला.

चार दिवसांत गावाला पळता भुई थोडी झाली. समोर दोन वस्तू दिसल्या की धुळाप्पानं जोड लावलीच. दोन टमटम, दोन विहिरी, दोन सरपंच, एक आताचा आणि एक माजी. वीरण्णाच्या चहाच्या टपरीवर त्यानं एक घोट घेतला, पाण्याचा एक घोट घेतला आणि जाहीर केलं, "युवर टी इज कोल्डर दॅन युवर वॉटर."

"काय म्हणालास, अण्णा?" वीरण्णा खूश.

"चहाचं बोललो."

"मग अजून अर्धा घे की!"

सातव्या दिवशी जगदेवीनं पुढचा डाव टाकला. सारखं असेल तर दोन्हीकडून अ‍ॅज लावायचं. पुस्तकातलं उदाहरण दिलं, अ‍ॅज ब्रेव्ह अ‍ॅज अ लायन, सिंहासारखा शूर.

"सिंह तू बघितलास का?"

"न्हाई, मामा."

"मी बी न्हाई. ज्यानं आपलं एक मेंढरू खाल्लं न्हाई त्याची कामून कीर्ती गायची? लांडगा घाल तिथं."

तर पुस्तक बाजूला पडलं आणि धुळाप्पाची स्वतःची भाषा तयार झाली. अ‍ॅज ब्लॅक अ‍ॅज तवा. अ‍ॅज हार्ड अ‍ॅज लाल दगड. सरळ पाय असतील तर अ‍ॅज स्ट्रेट अ‍ॅज माय स्टिक, आणि हे म्हणताना काठी वर उचलायची. जगदेवी हसून हसून पदराला डोळे पुसायची. नऊ वर्षांत त्या अंगणात सासरा-सून मिळून हसल्याचं बाणूबाईला आठवत नव्हतं.

दहाव्या दिवशी ती म्हणाली, "आता एक भारी सांगते. एक वाढलं की दुसरं वाढतं, किंवा कमी होतं, असं सांगायचं असलं तर? द मोर यू ईट, द मोर यू स्लीप. जेवढं जास्त खाल, तेवढं जास्त झोपाल."

धुळाप्पा उठला. मेंढरं घेऊन माळावर गेला. दिवस मावळायच्या आधी परत आला, काठी दारात आपटली आणि ओरडला, "द मोर द हॉर्न, द लेस द लेग!"

जगदेवी पोळपाट सोडून धावत बाहेर आली. पिठाच्याच हातांनी तिनं टाळी वाजवली. शिंग जेवढं जास्त, पाय तेवढा कमी! चार वर्षं सलत असलेला काटा एका ओळीत बाहेर आला होता.

"बरोबर हाय का?"

"मामा, एवढं बरोबर वाक्य माझ्या पुस्तकात बी न्हाई!"

धुळाप्पाला त्या रात्री पाठ टेकल्याबरोबर झोप लागली. सगळं जमलं असं त्याला वाटलं. घागरी, तांबे, टमटम, सगळे त्याला वश झाले होते.

मग बाराव्या दिवशी जगदेवीनं गोठ्यातून दोन खरे मेंढे आणून उभे केले.

"हं, मामा. हा काळू आन् हा बांड्या. काळू इज..."

"काळू इज..." धुळाप्पानं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. कपाळावर घाम आला.

"स्ट्राँगर दॅन बांड्या. येतं की तुम्हाला!"

"येतं. पर म्हणता येत न्हाई."

आता हे बाहेरच्यांना कळायचं नाही. धुळाप्पाच्या घराण्यात जिवंत जनावराला, त्याच्या देखत, तू भारी आहेस असं म्हणत नाहीत. दिष्ट लागते. नुकतं जन्मलेलं गुबगुबीत कोकरू उचललं तर "शी, काय किडमिडं हाय" म्हणून त्याच्यावर थू थू करायचं. दोन जनावरांचा निवाडा करायचा, तर बोलायचं फक्त कमी पडणाऱ्याबद्दल, तेही त्याच्या पाठीवर हात ठेवून, म्हणजे त्याला वाईट वाटणार नाही. चांगल्याबद्दल गप्प बसायचं. कमीनंच सगळं सांगायचं, जास्त हा शब्द जिभेवर येऊ द्यायचा नाही. नऊ वर्षांचा असताना धुळाप्पानं डोळ्यांनी पाहिलं होतं. निर्ण्याच्या बाजारात त्याचा बाप भान विसरून बोलून गेला, "असा मेंढा चार गावांत न्हाई!" आठव्या दिवशी तो मेंढा पाय झाडून मेला. बाप महिनाभर नीट जेवला नाही. तेव्हापासून धुळाप्पाच्या जिभेला कुलूप.

"मग कमीनं बोला की," जगदेवीनं तोड काढली. "बांड्या इज नॉट अ‍ॅज स्ट्राँग अ‍ॅज काळू. बांड्या काळूएवढा ताकदीचा न्हाई."

धुळाप्पाचा चेहरा उजळला. त्यानं बांड्याच्या पाठीवर हात ठेवला आणि घडाघडा बोलत सुटला. नॉट अ‍ॅज स्ट्राँग अ‍ॅज, नॉट अ‍ॅज लाँग अ‍ॅज, नॉट अ‍ॅज स्ट्रेट अ‍ॅज. इंग्रजीतही कमीनं बोलायची सोय होती! जगदेवीला मात्र शंका आली. "मामा, पाहुण्यांनी उलटून विचारलं की पहिल्यात चांगलं काय, तर?"

"न्हाई विचारत," तो म्हणाला.

संध्याकाळी बाणूबाई त्याच्या ताटात भाकरी वाढता वाढता म्हणाली, "तुमच्या ह्या कमीच्या बोलण्यापायी एक माणूस नऊ वर्षं झुरायलंय, ठावं हाय का?"

"कोण?"

"पोरगी लग्न होऊन आली, पहिली पुरणपोळी केली. तुम्ही काय म्हणालाव? बाणूच्या पोळीएवढी मऊ न्हाई. त्या दिवशी ती जेवली न्हाई. तिला वाटतं, मामांना मी कधीच पसंत न्हाई."

धुळाप्पाचा घास हातातच राहिला. "अगं, पोळी चांगली व्हती म्हणून तर बोललो! दिष्ट लागू नये म्हणून."

"ते धनगराच्या पोरीला कळंल. ती पडली मास्तराची लेक."

तो ताटाकडं बघत बसला. घागरी-तांब्यांची सगळी शाळा त्याच्या डोळ्यांपुढून गेली. हे आता नीट करायचं कसं, ते त्याला सुचेना, कारण नीट करायचं तर तेच म्हणावं लागणार, जे म्हणता येत नव्हतं.

आणि प्रदर्शनाचा दिवस उजाडला! मांडव, झेंडे, लाउडस्पीकरवर हलगीची रेकॉर्ड, गुडघाभर धूळ आणि मेंढ्यांचा तो ऊबदार, ओळखीचा वास. कमठाण्याहून दोन टमटम भरून माणसं आली होती. धुळाप्पानं धुतलेलं धोतर नेसलं होतं, लाल पटका बांधला होता आणि खांद्यावर काळं घोंगडं. मागं बायकांच्या रांगेत जगदेवी दिसली. तिचे ओठ हलत होते. ती त्याची वाक्यं म्हणत होती.

"क्या धुळाप्पा, साब बन गया बोलते!" अंकुशरावांनी वाटेत गाठलं. फेटा, जाकीट, मागं त्यांचा सात नंबरचा मेंढा, शिंगांना तेल, गळ्यात झेंडूची माळ. "इंग्रजी बोलणार म्हणं. माझ्या मेंढ्याच्या शिंगाला इंग्रजीत काय म्हणत्यात, तेवढं नीट पाठ केलायस न्हवं?"

"हॉर्न म्हणत्यात, अंकुशराव," धुळाप्पा म्हणाला. "टमटमला बी असतो."

शेवटच्या फेरीत दोनच मेंढे उरले. अंकुशरावांचा सात नंबर आणि निर्ण्याच्याच सिद्धप्पाचा चार नंबर. सिद्धप्पा धुळाप्पाच्याच जातकुळीचा, चाळिशीचा, साधा माणूस. त्याच्या मेंढ्याला माळ नाही, तेल नाही, शिंगं आखूड. धुळाप्पानं दात पाहिले, कणा चाचपला, खूर दाबले. मग खडी पसरायला लावली आणि डोळे मिटले. मांडव शांत झाला. सात नंबर चालला: खट खट, खरड. खट खट, खरड. चार नंबर चालला: खट खट खट खट. धुळाप्पानं डोळे उघडले आणि काठी चाराकडं केली.

कमठाण्याची माणसं ओरडली. अंकुशरावांचा चेहरा उतरला. डॉक्टर ज्योत्स्नाबाईंनी माइक धुळाप्पाच्या हातात दिला.

एक क्षण गेला. दुसरा गेला. माइक कुरकुरला. हा क्षण ज्यानं भोगलाय त्यालाच ठाऊक. समोर डोकीच डोकी, आणि पहिलं वाक्य कुठं गेलं त्याचा पत्ता नाही! धुळाप्पाला एकदम तो जुना भाला हातात असल्यासारखं वाटलं. त्यानं खाली पाहिलं. हातात काठी होती. काठी त्याची स्वतःची होती.

"गुड मॉर्निंग," तो म्हणाला, आणि आवाज पार फाटकापर्यंत गेला. "आय एम धुळाप्पा. आय सी टू. ऑल्वेज टू."

पाहुणे पुढं सरकून बसले. धुळाप्पा सात नंबरजवळ गेला, त्याच्या पाठीवर हात ठेवला. "नंबर सेव्हन इज नॉट अ‍ॅज स्ट्रेट अ‍ॅज नंबर फोर. ही इज नॉट अ‍ॅज लाँग अ‍ॅज नंबर फोर. हिज लेग इज नॉट अ‍ॅज हार्ड अ‍ॅज नंबर फोर." एकेका वाक्याला टाळी! जगदेवी मागं उभी राहून टाचा उंचावत होती. घोटवलेलं पद म्हणावं तसा धुळाप्पा रंगात आला, आणि तेवढ्यात अंकुशराव उसळले.

"हे बघा! माझ्याच जनावराची खोट काढायलाय नुसती! चार नंबरचं एक तरी चांगलं सांग की! का त्याच्यात बी काही न्हाईच?"

मांडवात हशा आणि कुजबुज. परदेशी पाहुण्यांपैकी पिकल्या केसांच्या बाईंनी हात वर केला आणि सौम्यपणे काहीतरी विचारलं. ज्योत्स्नाबाई पुढं झाल्या. "अण्णा, बाई विचारतात, सात नंबर कुठं कमी ते कळलं. चार नंबरमध्ये चांगलं काय, ते तुमच्या तोंडून ऐकायचंय."

झालं! जगदेवी म्हणाली तेच.

धुळाप्पानं चार नंबरकडं पाहिलं. काळा, गोल, डोळ्यांत पाणीदार चमक. दोर धरून उभा असलेला सिद्धप्पा भीतीनं पांढरा पडला होता. त्यानं दोन्ही हात जोडले आणि मान हलवली. "नको, अण्णा. एवढ्या लोकांत नको. एकुलता एक हाय माझा."

कमिटीची माणसं एकमेकांकडं पाहू लागली. एकजण माइक परत घ्यायला उठलासुद्धा. धुळाप्पाला सगळं दिसत होतं. आता गप्प बसलो तर उद्या लोक म्हणतील, धुळाप्पाला चांगलं काय ते सांगताच आलं नाही, आणि शिंगांचं राज्य चालू राहील. बोललो आणि बापाच्या मेंढ्यासारखं झालं तर? त्याचा हात सवयीनं खांद्याकडं गेला, घोंगड्याकडं. काळं घोंगडं. थंडीला हेच, पावसाला हेच, अन् ज्याच्यावर ते असतं त्याला बाहेरची नजर लागत नाही असं त्याची आजी म्हणायची.

त्यानं माइक काखेत धरला, घोंगडं झटकलं आणि चार नंबरच्या अंगावर असं टाकलं, की डोकं, कान, डोळे सगळं झाकून गेलं. खाली नुसते चार पाय. मग सिद्धप्पाकडं पाहून विचारलं, "आता?"

सिद्धप्पानं घोंगड्याची कड ओढून कान नीट झाकलाय का ते पाहिलं. मग हळूच मान डोलावली. "आता बोल, अण्णा. आता त्याला ऐकू येत न्हाई."

आणि धुळाप्पाचं कुलूप निघालं!

"नंबर फोर इज बेटर दॅन नंबर सेव्हन!" तो गरजला. "ही इज लाँगर! ही इज स्ट्राँगर! सी हिज लेग! अ‍ॅज हार्ड अ‍ॅज लाल दगड! अ‍ॅज स्ट्रेट अ‍ॅज," काठी वर गेली, "माय स्टिक!" पाहुण्या बाई उभ्या राहिल्या. धुळाप्पा मांडवाच्या मधोमध आला, चारी बाजूंना वळून बघितलं आणि आवाज खाली आणला, थेट मागच्या रांगेला कान टवकारावे लागतील इतका. "फोर इयर, पीपल सी हॉर्न. आय डोन्ट सी हॉर्न. द मोर द हॉर्न," एक श्वास थांबला, "द लेस द लेग."

अशी टाळी मी सांगतो, मंडळी, नशिबात असावी लागते! ज्योत्स्नाबाईंनी ते वाक्य मराठीत आणि कन्नडमध्ये सांगितलं, तेव्हा दुसऱ्यांदा टाळी पडली, आणि ही मेंढपाळांची होती, काठ्या आपटून वाजवलेली. ज्यांची कोकरं चढाला मागं पडत होती ती माणसं एकमेकांकडं बघून मान हलवत होती. पाहुण्या बाई येऊन घोंगड्याखाली वाकून चार नंबरचे पाय बघून गेल्या.

पुढं काय झालं ते तर आणखी मजेचं. दुसऱ्या गटांचे मालक आपापल्या मेंढ्यांवर कुणी टॉवेल, कुणी खताचं पोतं, कुणी बायकोची शाल टाकून रांगेत येऊन उभे! "अण्णा, माझ्याचं बी सांग की, झाकलंय." अंकुशराव तासभर फुगून बसले. मग सात नंबरच्या गळ्यातली माळ काढून हातात घेऊन आले.

"धुळाप्पा, पाय कशानं सुधारतेत रे?"

"कोकरं माळावर चढवा. न् ते तेल तुम्हीच डोक्याला लावा."

अंकुशराव आधी रागावले, मग इतके मोठ्यानं हसले की मेंढा बिचकला. कमिटीच्या अध्यक्षांनी निघताना ज्योत्स्नाबाईंना सांगितलं, पुढच्या वर्षीच्या पत्रिकेत धुळाप्पाचं नाव आधीच छापून टाका.

ऊन कलायच्या सुमाराला टमटम कमठाण्याला पोचले. बाणूबाई दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती. तिनं तो दोघांवरून ओवाळून टाकला, तोवर गावातल्या पोरांनी "द लेस द लेग" म्हणत गल्ली डोक्यावर घेतली होती. जगदेवी गडबडीनं आत जायला निघाली, चहाचं बघायला. धुळाप्पानं हाक मारली.

"जगदेवी."

"ओ, मामा."

त्यानं खांद्यावरचं घोंगडं काढलं. मेंढ्याचे दोन केस त्याला चिकटले होते, ते झटकले आणि घोंगडं तिच्यापुढं धरलं.

"धुवायला टाकू?"

"धुवायला न्हाई. डोक्यावर घे."

तिनं सासूकडं पाहिलं. सासूनंही काही न कळून खांदे उडवले. जगदेवीनं घोंगडं डोक्यावरून घेतलं, पुढं ओढलं. आता नाक तेवढं दिसत होतं. धुळाप्पानं घसा खाकरला. भरल्या मांडवापुढं आला नव्हता एवढा घाम त्याला आता आला. मग त्यानं एकदा बाणूबाईकडं चोरून पाहिलं आणि एका दमात म्हणून टाकलं.

"जगदेवीज् पोळी इज सॉफ्टर दॅन बाणूज् पोळी. नाइन इयर सॉफ्टर."

घोंगडं हललं नाही. मग कडेचा एक कोपरा वर गेला आणि डोळ्यांना लागला.

"काय गं?" बाणूबाईनं कंबरेवर हात ठेवले. "पोळीचं काय म्हणायलेत? माझं नाव घेतलं त्यांनी, मी ऐकलं. काय म्हणाले?"

घोंगड्याखालून आधी नाक ओढल्याचा आवाज आला. मग जगदेवीचा, हसू दाबलेला, भिजलेला आवाज.

"काही न्हाई, आत्या. माझी पोळी तुमच्याएवढी मऊ न्हाई म्हणायलेत."